कॅसेटवरची रेश्मा

माझा आवाज मी पहिल्यांदा बाहेरून ऐकला तो मंठ्याच्या बसस्टँडवर, आणि ऐकल्याबरोबर मी पळाले. शनिवारची दुपार होती. जालन्याहून आलेल्या गाडीतून मी उतरले, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मावशीनं रुमालात बांधून दिलेले पेरू. समोर पानाच्या ठेल्यावर कर्णा लावलेला होता आणि त्यातून कुणी मुलगी गात होती, ‘हळू चालव रे फटफटी’. पहिल्या ओळीला मला वाटलं, कोण आहे ही, किती धीट गाते. दुसऱ्या ओळीत ‘रे’वर तिचा आवाज किंचित थरथरला आणि थरथरतच वर गेला. ती थरथर माझी होती. ठेल्यापाशी एक म्हातारा भजी खाता खाता मान हलवत होता. दोन पोरं सायकलला टेकून पायानं ठेका धरत होती. आता हे सगळे एकदम वळतील आणि माझ्याकडं बोट दाखवतील, असं मला वाटलं. कुणीच वळलं नाही. तरी मी स्टँडच्या मागच्या भिंतीला असलेल्या भगदाडातून बाहेर पडले आणि धान्याच्या बाजाराच्या कडेनं घरापर्यंत पळत गेले. वाटेत रुमालाची गाठ सुटली, पेरू गडगडत गेले, ते उचलायलाही थांबले नाही.

पुढं मी गाण्याविषयी लिहूनच पोट भरलं. किती गायकांना मी विचारलं असेल, स्वतःचा आवाज पहिल्यांदा बाहेर ऐकलात तेव्हा काय वाटलं? बहुतेक जण म्हणतात, डोळ्यांत पाणी आलं. मी ते लिहून घेते. कुणी हाच प्रश्न मला विचारला तर मी चहा मागवते आणि विषय बदलते.

आमचं घर स्टँडच्या मागच्या वस्तीत होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं सारवलेला ओटा आणि ओट्याच्या कडेला मायनं लावलेली शेवग्याची दोन झाडं. दादा, म्हणजे माझे वडील, लाल गाडीवर कंडक्टर होते. घर घड्याळावर चालत नव्हतं, दादांच्या ड्यूटीवर चालत होतं. पहिल्या गाडीची ड्यूटी असली की माय अंधारातच चूल पेटवायची. परातीत भाकर थापल्याचा आवाज, मग खलबत्त्यात मिरच्या आणि लसूण कुटल्याचा, मग दादांनी पितळी बिल्ल्यावर चिंच आणि राख घासल्याचा खरखराट, एवढं झालं की मी डोळे उघडायचे. डब्यात ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि तेलात परतलेला कांदा. रविवारी दादा घरी असले तर येसराची आमटी. डाळी आणि मसाले भाजून दळलेलं ते येसर माय वर्षभराचं करून ठेवायची आणि आमटीला उकळी आली की शेजारच्या दोन घरांतून वाट्या यायच्या. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा दादा घरीसुद्धा हातातून ठेवत नसत. विचारात असले की तो रिकामाच वाजवत, टक टक, टक टक. त्या टकटकीवरून मायला त्यांचं मन कळायचं. जोरात असली तर कुणाशी तरी वाद झालेला, सावकाश असली तर डोकं दुखतंय. थांबली तर काहीतरी बिघडलंय, आणि मग माय मला कामाला लावून बाहेर पाठवायची.

आमच्या घरात गाणं वर्ज्य नव्हतं. विहारात वंदना मीच म्हणायचे, जयंतीला स्टेजवर एक गीत माझं ठरलेलं असायचं. पण त्यापलीकडं दादांचा एकच शब्द होता : आपल्या घरातली बाई लोकांच्या करमणुकीसाठी गाणार न्हाई. त्याचं कारण मला मायनं सांगितलं होतं. दादांची थोरली बहीण, सोनाआत्या, फार गोड गायची. त्यांच्या मूळ गावात वाड्यावर लग्न असलं की तिला बोलावणं यायचं. बोलावणं म्हणजे विचारणं नव्हे, माणूस यायचा आणि ती उठून जायची. मांडवाच्या बाहेर उभं राहून गायचं, आतून कुणी टाकेल ते पदरात घ्यायचं. एकदा अंगात ताप असताना तिला उठवून नेलं, आणि परत आली ती न बोलता. त्यानंतर तिनं स्वतःच्या लेकरांनाही गाऊन झोपवलं नाही. आजोबांनी धम्म घेतला, गाव सोडून मंठ्याला आले, ते सगळं मागं पडलं. दादांच्या मनातून मात्र ते गेलं नव्हतं. लाउडस्पीकरवर बाईचा आवाज लागला की ते नकळत मान खाली घालत.

अकरावीला मी जालन्याला शांतामावशीकडं राहायला गेले. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती, एकटीच राहायची, आणि तिच्या क्वार्टरमागच्या गल्लीत अन्वरभाई राहायचे. ते ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत. त्यांच्या आईला रोज इंजेक्शन द्यायला मावशी जायची, म्हणून घरोबा झालेला. सकाळी नळावर हंडे भरताना मी जे काही गुणगुणायचे ते त्यांनी खिडकीतून ऐकलं आणि मावशीला म्हणाले, पोरीचा आवाज नवा आहे, कुणासारखा नाही, एक गाणं तरी म्हणू द्या. मावशी आठवडाभर नाही म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, स्टेज बिलकुल नाही, बंद खोलीत काय गायचं ते गा, आणि तुझ्या बापाच्या कानावर जाता कामा नये. आम्हा दोघींना वाटलं, बंद खोलीतलं गाणं खोलीतच राहतं.

ती खोली कापसाच्या एका जुन्या गोदामामागं होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीत पोती कोंबलेली, आणि सगळीकडं सरकीचा वास. टेप सुरू झाली की पंखा बंद करायचा, त्यामुळं दोन कडव्यांत अंग घामानं निथळायचं. कॅसेट काढणारे लालाशेठ कापडाचे व्यापारी. मुंबईत कुठंतरी त्यांनी ऐकलं होतं की आता सिनेमाचं गाणं नको, भावगीत नको, पॉप पाहिजे. पॉप म्हणजे काय, हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं. ठेका जोरात, शब्द सोपे, आणि पोरगी ताजी, एवढं ते सांगत. गाणं होतं एका मुलीचं. तिला फटफटीवर मागं बसायचंय आणि तिला भीतीही वाटतेय.

मला खरोखरच भीती वाटत होती. माइक एवढा जवळ मी कधी पाहिला नव्हता. काचेपलीकडं तीन पुरुष, मी एकटी आत, दार बाहेरून लावलेलं. अन्वरभाई कीबोर्ड सोडून आत आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “बेटी, माइक सगळं ऐकतो. तू थुंकी गिळली ते बी ऐकतो. घाबरली तर घाबरल्याचं गाणं व्हईल. होऊ दे.” मी घाबरतच गायले. ‘रे’वर आवाज थरथरला, मी थांबले, पुन्हा घ्या म्हणाले. लालाशेठ काचेवर बोटं वाजवून म्हणाले, हेच पाहिजे, हेच राहू द्या. लोक पुढं त्या थरथरीलाच भाळले. ती लाडिक आहे, खट्याळ आहे, असं त्यांना वाटायचं.

बाहेर आल्यावर लालाशेठनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, कमल. पूर्ण नाव विचारलं. कमल मघाडे. गाव विचारलं, मंठा. मंठ्यात कुठं, विचारलं. मी सांगितलं. मग ते काही बोलले नाहीत. टेबलावरची सुपारी उचलली, कातरली, तोंडात टाकली. ती शांतता आमच्यातलं प्रत्येक लेकरू ओळखतं. “नावाचं आपण पाहू,” ते म्हणाले. अन्वरभाई खाली पाहत वायरी गुंडाळत होते. महिन्याभरानं कॅसेट आली तेव्हा कव्हरवर एक गोरी, गॉगल घातलेली मुलगी होती आणि खाली लिहिलं होतं, ‘कु. रेश्मा’. मावशीला ते पाहून हायसं वाटलं. मलाही वाटलं, हे मला नाकारता येत नाही. नाव नसेल तर दादांना कळणार कसं?

हायसं वाटणं स्टँडवरच्या त्या दुपारपर्यंत टिकलं. त्यानंतर ते गाणं सगळीकडं निघालं. कॉलेजच्या रस्त्यावर रिक्षात, दवाखान्याबाहेरच्या टपरीवर, लग्नाच्या वरातीत, रसवंतीवर. मी गर्दीत बोलायचंच सोडून दिलं. दुकानात गेले की बोटानं दाखवायचे, हे द्या, ते द्या. वर्गात हजेरीला नुसता हात वर करायचे. एकदा मैत्रिणीनं ते गाणं म्हणता म्हणता मला म्हटलं, तू म्हण ना पुढचं, आणि मला तिथं बाकावरच ओकारी आली. स्वप्नात मी तोंड उघडायचे आणि कर्ण्यातून आवाज यायचा. आपल्याच आवाजापासून लपायचं कसं, हे मला कुणाला विचारताही येत नव्हतं. मावशी स्वतः इतकी धास्तावली होती की गाण्याचा विषय निघाला की ती पदरानं तोंड पुसत उठून जायची.

सगळ्यात मोठी धास्ती दादांची. ज्या रस्त्यावर ते रोज जायचे यायचे, त्या प्रत्येक थांब्यावर एक टपरी होती आणि प्रत्येक टपरीवर माझा आवाज. मंठ्याहून निघालं की वाटूर फाटा, मग पुढं जालना. कधी भोकरदनची ड्यूटी लागली तर राजूरला गणपतीच्या देवळासमोर नारळाच्या दुकानांत, केदारखेड्याला फाट्यावरच्या हॉटेलात. मी सुट्टीला घरी आले की ओट्यावर बसून त्यांची वाट पाहायचे. ते कोपऱ्यावर दिसले की मी उठून उभी राहायचे. ते पिशवी खुंटीला लावत, पाय धूत, भाकरीचा तुकडा मोडत, आणि मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजल्यासारखी बघत राहायचे. काही दिसायचं नाही. एका संध्याकाळी ते ओट्यावर बसून बिल्ला घासत होते. चिमटा बाजूला पडलेला. आणि त्यांच्या ओठांतून, अगदी हळू, सूर निघाला. दादा कधीही गुणगुणत नसत. मी कान दिला. ‘हळू चालव रे’. माझ्या हातातलं ताट पडलं. ते एकदम गप्प झाले, माझ्याकडं पाहिलं नाही, बिल्ला घासत राहिले. मायनं आतून विचारलं काय पडलं. मी म्हटलं, ताट. दादा म्हणाले, “हात वले असतील तिचे.” माझे हात कोरडे होते.

त्या रात्री आणि पुढच्या कित्येक दिवसांत मी एकच गोष्ट घोळवत राहिले : त्यांना कळलंय की नाही? कळलं असेल तर बोलत का नाहीत? नुसतं रस्त्यावर ऐकून तोंडात बसलं असेल? कळल्यावर काय करतील हे मला सुचत नव्हतं, कारण दादांनी मला कधी मारलं नव्हतं. मारणाऱ्या बापाच्या पोरीला निदान ठाऊक असतं, कशाला भ्यायचं ते.

मग एप्रिल आला आणि जयंती आली. विहारापुढच्या मैदानात फळ्यांचं स्टेज, निळे झेंडे, एका बाजूला मोठ्या कढईत बुंदी पडत होती. ऊन उतरलेलं होतं पण अजून उजेड होता, त्यामुळं स्टेजवरून मला सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. पुढं बाया आणि लेकरं, मग सतरंजीवर पुरुष, आणि मागं उभी असलेली बाजारातली पोरं, काही आमची, काही दुसऱ्या आळ्यांतली. दादा ड्यूटीवरून थेट आलेले, खाकी कपड्यांतच. आदल्या दिवशी मी मायला म्हटलं होतं, यंदा मी गात नाही, घसा बसलाय. माय म्हणाली, “जन्मापासून म्हनती, यंदाच कसा बसला?” आणि काढा करून दिला. न गाणं हेच संशयाचं झालं असतं.

वंदनेला काही झालं नाही. सगळ्यांच्या आवाजात माझा मिसळून गेला. मग माझं गीत. त्याच स्टेजवर दरवर्षी मी न डगमगता गायले होते, कारण तिथं मला भ्यायचं कारण नव्हतं. त्या दिवशी पहिला वरचा सूर घेतला आणि आवाज थरथरला. तसाच, किंचित, आणि थरथरतच वर गेला. मग मागून एक शिट्टी आली. पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, “रेश्मा!” हसू फुटलं. दुसऱ्यानं ओठांनी फटफटीचा आवाज काढला, मग तिघाचौघांनी. पुढच्या बाया मागं वळून पाहायला लागल्या आणि मग एकेक करून माझ्याकडं. मी थांबले. माइक नुसता घूं करत राहिला. फळ्यांच्या फटीतून खालची माती दिसत होती आणि त्या फटीतून खाली जाता आलं असतं तर मी गेले असते.

सतरंजीवरून दादा उठले. माणसांमधून वाट काढत ते आले, बुटांसकट स्टेजवर चढले, फळ्या करकरल्या. मला वाटलं, आता दंडाला धरून खाली नेतील, आणि मी दंड आक्रसून घेतला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. माइक स्वतःकडं वळवला. दिवसभर भरल्या गाडीत ‘पुढं सरका’ म्हणून ओरडणारा माणूस, पण पहिल्या वेळी त्यांच्या तोंडातून आवाज निघाला नाही. त्यांनी खाकरलं.

“ही रेश्मा न्हाई,” ते म्हणाले. “ही कमल मघाडे. फटफटीचं गानं बी हिनंच म्हनलंय. माझी लेक हाय.”

मग माइक माझ्याकडं वळवला आणि हाताची घडी घालून तिथंच, माझ्यापासून दोन हातांवर उभे राहिले. मी उरलेलं गीत म्हटलं. वाईट म्हटलं, दोन जागी बेसूर झाले, एक ओळ विसरले. फटफटीचा आवाज आणखी एकदा आला आणि बंद पडला. टाळ्या झाल्या की नाही, मला आठवत नाही. दादांच्या खाकी बाहीवर घामाची कड सुकून पांढरी झालेली होती, ती आठवते.

आम्ही तिघं घरी आलो. मायनं वाढलं. बुंदी होती, भाकर होती, कुणी खात नव्हतं. चिमटा वाजत नव्हता. शेवटी माय म्हणाली, “बोला आता. किती दिवस दोघं मुके राहता?” म्हणजे मायलाही ठाऊक होतं. मी रडायला लागले. दादांनी मला रडू दिलं आणि मग ताटाकडं बघत सांगितलं की त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. वाटूर फाट्याला चहा पीत होते, गाणं लागलं, कप हातात तसाच राहिला, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर गाडीतून उतरताना त्यांना वाटायचं, की आता कुणीतरी विचारेल, कंडक्टर, ही तुमची पोरगी ना?

“मंग तुम्ही मला बोलले का न्हाई?” मी विचारलं.

“बोललो असतो तर मला काहीतरी करावं लागलं असतं,” दादा म्हणाले. “काय करावं ते मला कळून न्हाई राह्यलं. भ्या वाटलं.”

बापाच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि मला धीर येण्याऐवजी आणखी भीती वाटली. तोवर मला वाटत होतं, घरात भिणारी मी एकटीच आहे. त्यांनी सोनाआत्याचं नाव काढलं. म्हणाले, गाडीत बसून ते गाणं ऐकताना त्यांना सारखं वाटायचं की तिला कुणीतरी पुन्हा उठवून नेलंय. मग विचारलं, तुला कुणी जबरदस्ती केली का? मी म्हटलं, नाही, मला गायचं होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “गानं तू म्हनलं. मंग नाव दुसरीचं कसं काय?”

मी लालाशेठची सुपारी सांगितली, ती शांतता सांगितली. दादांना पुढचं सांगावं लागलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दादा पांढरा सदरा घालून मला घेऊन जालन्याला गेले. मी नको नको म्हणत होते. लालाशेठनी गादीवर बसवलं, चहा मागवला, अगदी गोड बोलले. दादांनी एवढंच म्हटलं की कव्हरवर पोरीचं नाव लावा. शेठ म्हणाले, गाणं चालतंय ते चालू द्या, त्या नावानं खेड्यापाड्यात कोण वाजवील, मी तुमच्या भल्याचंच सांगून राह्यलो. दादा म्हणाले, मग तिचा आवाज काढून घ्या. त्यावर शेठ मनापासून हसले. “आवाज आता टेपवर गेला, साहेब. टेप माझी आहे.” दुकानातल्या एका गड्यानं उठून शटर अर्धं खाली ओढलं. आत अंधारून आलं. दुसरा गडी, जो इतका वेळ कापड घडी करत होता, घडी न थांबवता म्हणाला, “मंठ्याच्या गाडीवरच असता ना तुम्ही?”

“रोज असतो,” दादा म्हणाले.

आम्ही वाकून शटरखालून बाहेर आलो. चार दुकानं पुढं गेल्यावर दादा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला पाणी आण म्हणाले. मी ग्लास आणून दिला. मी म्हटलं, दादा, जाऊ द्या, मी पुन्हा गाणार नाही. ते म्हणाले, “तसं म्हनू नको. तेवढं म्हनू नको.”

पुन्हा मी गायले. पण ते नंतर, आणि दुसऱ्या शहरात. पुण्यामुंबईत पॉपचं वारं आलं तेव्हा माझ्या तीन कॅसेटी निघाल्या, तिन्हींवर माझं पूर्ण नाव, तिन्ही फटफटीच्या निम्म्यानंही चालल्या नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी मला ओकारी यायची आणि प्रत्येक वेळी कुणीतरी फटफटी म्हणा म्हणायचं. मग आवाज जाड होत गेला, मागणी संपली, आणि एका साप्ताहिकानं गाण्यावर लिहाल का विचारलं. लिहायला लागले तेव्हा कळलं, इतकी वर्षं भीतीपोटी मी गर्दीत कान देऊन ऐकत आले होते, ते ऐकणं मला येतं. कोरसमधल्या मुलीपासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांची पूर्ण नावं मी छापायला द्यायचे. संपादक आडनावं कापायचे, मी भांडायचे. त्यांना वाटायचं, बाई हट्टी आहे.

पण मला सांगायचंय ते जालन्याहून आल्यानंतरच्या सोमवारचं. माझं कॉलेज होतं म्हणून मी दादांच्याच गाडीनं परत निघाले. दाराजवळच्या सीटवर मी, शेजारी दादांची पेटी. पहिल्या थांब्यावर गाडी उभी राहिली, माणसं चढली, उतरली, आणि दादा टपरीकडं गेले. कर्ण्यावर गाणं लागलेलंच होतं. खिडकीतून मला दिसत होतं. त्यांनी टपरीवाल्याकडून कॅसेटचं कव्हर मागून घेतलं, कानामागचं बॉलपेन काढलं, कव्हर गुडघ्यावर धरलं, काहीतरी खोडलं आणि सावकाश, तिकिटावर लिहितात तशा ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं. परत दिलं. टपरीवाला वाचून हसला, दादांच्या पाठीवर थाप मारली, आणि गाडी सुटता सुटता धावत येऊन खिडकीतून माझ्या हातात शेंगदाण्याचा पुडा कोंबला. वाटूर फाट्याला हॉटेलवाल्यानं वाचलं, मान डोलावली आणि कव्हर काचेच्या बरणीला टेकवून समोर लावलं. दादा प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणत होते, नाव चुकलंय, दुरुस्त करतो. शेठचा गडी कुठंतरी उभा असेल, असं वाटून मी प्रत्येक थांब्यावर मागं वळून पाहत होते.

मग एक गाव आलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथंही दादा उतरले, लिहिलं, कव्हर परत केलं. टपरीवाल्यानं ते उजेडात धरून वाचलं. एकदा दादांच्या बिल्ल्याकडं पाहिलं, एकदा गाडीकडं, खिडकीत मी होते. मग आत हात घातला. गाणं मधल्याच शब्दावर तुटलं. त्यानं कॅसेट काढली, कव्हरात घातली, फळीखाली टाकली आणि दुसरी लावली. सगळी गाडी बघत होती. दादा क्षणभर तिथंच उभे राहिले. मग वळले, पायरीवर चढले, दार ओढलं आणि डबल बेल दिली. गाडी हलली. माझ्या शेजारी बसून ते पेटीतली तिकिटं नीट करायला लागले.

“काढली त्यानं,” मी म्हटलं.

“काढू दे,” दादा म्हणाले. “नाव वाचून काढली.”